मेलच्या दाराला मोबाइल नंबरचं कुलूप पुरतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या पुढच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी दोन-चार जण तरी फोन घेऊन येतात. कोणाचा मेल उघडत नाही, कोणाला ओटीपी येत नाही, कोणाच्या नावाने ओळखीपाळखीत पैसे मागितले गेलेले असतात. रामबाग, सुदामा नगर, टिळक नगर, कधी महूहूनही मंडळी येतात. प्रश्न मात्र तेच ते निघतात, म्हणून ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवतो आहे. बहुतेकांचा मेल जीमेलवर असतो, त्यामुळे उदाहरणं तिथली आहेत. आउटलुक किंवा याहू वापरणाऱ्यांनाही मूळ मुद्दा तोच लागू पडतो.

मेल उघडताना मोबाइलवर ओटीपी येतो. म्हणजे माझं खातं पक्कं बंद आहे ना?

नुसत्या पासवर्डपेक्षा नक्कीच बरं आहे. पण ओटीपीने नेमकं काय सिद्ध होतं ते एकदा नीट बघा. या क्षणी या नंबरावर आलेला मेसेज समोरच्याला वाचता आला, एवढंच त्यातून कळतं. समोरचा म्हणजे तुम्हीच, हे काही त्यातून कळत नाही.

आणि नंबर तरी तुमचा कुठे असतो? ते दहा आकडे वर्षानुवर्षं पाठ असतात, लग्नपत्रिकेवर छापलेले असतात, दुकानाच्या पाटीवर रंगवलेले असतात, म्हणून आपले वाटतात. खरं तर मोबाइल कंपनीने ते वापरायला दिलेले असतात. रिचार्ज थांबला की कंपनी ते परत घेते आणि पुढे दुसऱ्या कोणाला देते. काउंटरवरच्या माणसाला पटलं तर त्याच नंबराचं नवं सिम काढून देते. मेसेज तुमच्यापर्यंत येताना ज्या यंत्रांमधून जातो त्यांतलं एकही तुमच्या ताब्यात नसतं. पासवर्ड निदान तुमच्या डोक्यात किंवा वहीत असतो. नंबराची दोरी सगळी दुसऱ्याच्या हातात, आणि तरी घरच्या किल्ल्या आपण त्याच्याच गळ्यात अडकवतो. खाली जे जे सांगितलं आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

मग ओटीपी बंदच करून टाकू?

मुळीच नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण अर्धं ऐकून घरी जाऊन टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर कोड मागणारी दुसरी तपासणी, बंद करणारेही मी पाहिले आहेत. गूगलने न्यूयॉर्क विद्यापीठ आणि सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर केलेला एक अभ्यास २०१९ साली जाहीर झाला. रिकव्हरी फोनवर, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी जोडलेल्या नंबरावर, गेलेल्या एसएमएस कोडने यंत्रांनी आपोआप केलेले हल्ले सगळेच्या सगळे अडवले, आणि सरसकट पाठवलेल्या फसव्या मेलचे ९६ टक्के अडवले. पण एखाद्या माणसाला हेरून केलेल्या हल्ल्यांत हा आकडा ७६ टक्क्यांवर आला. म्हणजे तुमच्यावरच डोळा ठेवून आलेल्या चौघांतला जवळजवळ एक जण आत शिरतो. दुसरं भक्कम कुलूप बसेपर्यंत हे कुलूप काढू नका.

एवढी काळजी मेलचीच का? माझे पैसे तर बँकेत आहेत.

कारण बाकी सगळ्या दारांच्या किल्ल्या मेलमध्येच येऊन पडतात. म्युच्युअल फंड, डीमॅट, विमा, आयकराचं पोर्टल, रेल्वेचं तिकीट, यांतलं काहीही उघडा आणि ‘पासवर्ड विसरलात?’ दाबा. नवा पासवर्ड ठरवायची लिंक बहुतेक ठिकाणी मेलवर येते. शिवाय आधार-पॅनच्या प्रती, घराचे कागद, मुलांना पाठवलेले रिपोर्ट, सगळं तिथेच साठलेलं असतं. गूगल खातं गेलं तर फोटोही जातात. शनिवारी येणाऱ्यांमध्ये पैशांपेक्षा फोटो गेले म्हणून रडलेली माणसं मी जास्त पाहिली आहेत.

सिम स्वॅप म्हणजे नेमकं काय होतं?

चोर तुमचा फोन चोरत नाही, फोनला हातही लावत नाही. तो तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि ओळखपत्राची प्रत जमवतो, कंपनीच्या दुकानात जातो आणि ‘सिम हरवलं, नवं द्या’ म्हणतो. कधी आतल्या माणसाला हाताशी धरतो. आजकाल दुकानातही जावं लागत नाही. कंपनीचा माणूस आहे असं सांगून तुमच्याचकडून ई-सिमच्या, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच चालणाऱ्या सिमच्या, विनंतीला होकार घेतला की झालं. नवं सिम सुरू झालं की तुमच्या खिशातलं मरतं, आणि तुमच्या नावचे सगळे मेसेज त्याच्या हातातल्या फोनवर पडू लागतात.

आमच्याच गल्लीत घडलेलं सांगतो. एक निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. शुक्रवारी दुपारी त्यांच्या फोनवरच्या रेंजच्या दांड्या गेल्या आणि तिथे ‘सेवा नाही’ असं आलं. घरच्यांना वाटलं, टॉवरचं काही काम चालू असेल. संध्याकाळी सगळे उज्जैनला लग्नाला गेले. घरात वायफाय होतं, लग्नाच्या हॉलमध्येही होतं, त्यामुळे व्हॉट्सअॅप चालू राहिलं आणि कोणाला शंका आली नाही. रविवारी रात्री परत येऊन पाहतात तर मेलचा पासवर्ड बदललेला आणि रिकव्हरी नंबर भलताच. सर सोमवारी सकाळी आले तेव्हा फोन हातात धरून नुसते बसून राहिले. चाळीस वर्षं शिकवलेल्या मुलांचे पत्ते होते त्यात, एवढंच म्हणाले.

आपल्याकडे यावर दोन नियम आहेत आणि दोन्ही उपयोगाचे आहेत. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येणं-जाणं बंद ठेवायचं, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांना दिला. आणि १ जुलै २०२४ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार, सिम बदलल्यानंतर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. पण पहिल्या नियमाने तुम्हाला मिळतो तो फक्त एक दिवस. त्या दिवसात तुमच्या लक्षात आलं तरच त्याचा फायदा. म्हणून कारण नसताना रेंज गेली आणि शेजारच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज असली, तर टॉवरला दोष देत बसू नका. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला फोन लावा.

हे मोठ्या माणसांच्या बाबतीत होत असेल. आमच्यासारख्यांच्या मागे कोण लागणार?

मोठ्यांच्या बाबतीत झालं ते पेपरात आलं, एवढाच फरक. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं स्वतःचं ट्विटर खातं ३० ऑगस्ट २०१९ रोजी असंच गेलं. त्यांचा नंबर दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता. ९ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, एक्स (पूर्वीचं ट्विटर) खात्यावरून बिटकॉइनच्या फंडांना मंजुरी मिळाल्याची खोटी घोषणा झाली. तिथेही सिम स्वॅपच होता. आधी नंबर ताब्यात घेतला, मग त्याच्या जोरावर पासवर्ड बदलला.

या दुसऱ्या गोष्टीतली गोम लक्षात घ्या. पासवर्ड ओळखावाच लागला नाही. रिकव्हरीचा मुद्दा पुढे येतो आहे, तिथे ही गोष्ट आठवा.

आणि आपल्यासारख्यांच्या मागे कोण लागेल म्हणाल, तर निवृत्तीची रक्कम नुकतीच मिळालेला माणूस चोराला कोणत्याही प्रमुखापेक्षा सोपा वाटतो.

माझा जुना नंबर बंद पडून दोन वर्षं झाली. तो अजून मेलला जोडलेला आहे. काही बिघडतं का?

खूप बिघडतं. आमच्या मावशीचं उदाहरण घ्या. इनकमिंगसाठीसुद्धा दर महिन्याला रिचार्ज करावा लागू लागला तेव्हा तिने दुसरं सिम सोडून दिलं. ते मेलला जोडलेलं आहे हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. दीड वर्षाने नव्या फोनवर मेल उघडायला गेलो तर गूगल म्हणालं, शेवटचे दोन आकडे अमुक असलेल्या नंबरावर कोड पाठवला आहे. मी त्या नंबरावर फोन लावला. देवासच्या एका कॉलेजच्या मुलाने उचलला. मी अडचण सांगितली, तर त्याने शांतपणे सहा आकडे वाचून दाखवले आणि म्हणाला, काकूंच्या विम्याच्या हप्त्याचे मेसेजही येतात माझ्याकडे, त्यांना सांगा.

तो मुलगा भला निघाला म्हणून मेल उघडला. तो कोड त्याच्या हातात होता आणि मावशीच्या हातात नव्हता, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही. त्याच्या मनात आलं असतं तर?

बंद पडलेला नंबर निदान ९० दिवस कोणाला देत नाहीत आणि त्यानंतर तो पुन्हा बाजारात येतो, हे ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितलेलं आहे. यात बेकायदा काही नाही, आकडे संपतात म्हणून ते फिरवावेच लागतात. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली अमेरिकेत नव्या ग्राहकांना देऊ केलेले २५९ नंबर तपासले. त्यांतले १७१ कुठल्या ना कुठल्या मोठ्या वेबसाइटवर आधीच्या मालकाच्या खात्याला जोडलेले होते. मावशीसारख्या खूप जणी आहेत.

मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जाणार आहोत. इथलं सिम चालेल का?

आमच्याकडे हा प्रश्न उन्हाळ्याच्या आधी हटकून येतो. सिम तिकडे चालेलही, पण मेसेज येईलच असं धरून चालू नका. रोमिंग सुरू नसेल, रिचार्ज संपला असेल किंवा कोड यायला उशीर झाला आणि त्याची मुदत उलटली, तर तुम्हीच तुमच्या घराबाहेर. नव्या देशातून, नव्या लॅपटॉपवरून मेल उघडायला गेलं की गूगलला संशय येतो आणि ते हमखास कोड मागतं. म्हणजे कोडची सगळ्यात जास्त गरज पडते तेव्हाच तो येत नाही. इथे कोणी चोर लागत नाही, नुसतं सिम कपाटात विसरलं तरी पुरतं.

निघण्याआधी बॅकअप कोड, म्हणजे ओटीपी आला नाही तर त्याऐवजी टाकायचे राखीव कोड, छापून घ्या. जीमेलमध्ये ते दहा मिळतात, प्रत्येक आठ आकड्यांचा, आणि एक कोड एकदाच चालतो. एक प्रत पासपोर्टबरोबर, एक इंदूरच्या घरी. आणि वापर नसेल तर ९० दिवसांनी नंबर बंद होऊ शकतो, म्हणून मधूनमधून रिचार्ज करत राहा.

माझ्या फोनला बोटाचं लॉक आहे. चोरीला गेला तरी चोराला ओटीपी कसा दिसणार?

दोन वाटा आहेत. पहिली, लॉक असलेल्या पडद्यावरच मेसेज दिसतो. तुमचा फोन आत्ता टेबलावर ठेवा, लॉक करा आणि कोणाला तरी मेसेज पाठवायला सांगा. मजकूर वाचता आला तर ओटीपीही वाचता येईल. सेटिंगमध्ये जाऊन लॉक असताना मजकूर लपवा.

दुसरी वाट जास्त सोपी. सिम काढायचं आणि दुसऱ्या फोनमध्ये घालायचं. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यापाशी जी गर्दी असते तिच्यात फोन गेलेले लोक दरवर्षी येतात. सगळे एकच म्हणतात, फोनला लॉक होतं. फोनला होतं, सिमला नव्हतं. सिमलाही स्वतःचा पिन लावता येतो, सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ शोधा. फोन बंद करून चालू केला किंवा सिम दुसरीकडे घातलं की तो विचारला जातो. मात्र आधी कंपनीकडून मूळ पिन आणि पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा कोड) विचारून घ्या. अंदाजाने आकडे मारू नका. पिन तीनदा चुकला की पीयूके लागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं निकामी.

मेसेज वाटेतच कोणी वाचू शकतं का?

हो. पण ही वाट महागडी आहे, रस्त्यावरच्या चोराची नव्हे. जगभरच्या मोबाइल कंपन्या एकमेकींशी ज्या पद्धतीने बोलतात तिला एसएस७ म्हणतात. ती १९७०च्या दशकातली आहे. तेव्हा मोजक्या, एकमेकींना ओळखणाऱ्या कंपन्या होत्या, त्यामुळे विचारणारा खरा आहे की नाही हे तपासायची सोय तिच्यात ठेवलेलीच नव्हती. त्या जाळ्यात शिरकाव असलेला कोणीही ‘हा ग्राहक सध्या माझ्याकडे आहे’ असं सांगू शकतो, आणि मेसेज त्याच्याकडे वळतात. टोबियास एंगेल आणि कार्स्टन नोल या जर्मन संशोधकांनी २०१४ साली हे जाहीरपणे करून दाखवलं. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी याच मार्गाने ओटीपी पळवून बँकेची खाती रिकामी केली. २०१८ साली रेडिट या चर्चेच्या वेबसाइटच्या कर्मचाऱ्यांची खाती फुटली तेव्हाही एसएमएस मधेच अडवले गेल्याचं रेडिटने सांगितलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणीकरण संस्थेने तर २०१७ पासून एसएमएसवरचा कोड ‘जपून, मर्यादित वापरा’ अशा वर्गात टाकलेला आहे.

मी ओटीपी कधीच कोणाला सांगत नाही. मग मला काय भीती?

सांगत नाही, पण टाइप तर करता ना? हुबेहूब जीमेलसारखं दिसणारं पान येतं. तुम्ही पासवर्ड टाकता, मागे बसलेलं यंत्र तो लगेच खऱ्या जीमेलमध्ये टाकतं, तुमच्या फोनवर खरा ओटीपी येतो, तो तुम्ही खोट्या पानावर टाकता आणि यंत्र तो पुढे सरकवतं. तुमच्या समजुतीप्रमाणे तुम्ही कोणाला काही सांगितलेलंच नसतं. हा धोका एसएमएसपुरता नाही, हाताने टाइप करायच्या प्रत्येक कोडला तो आहे, हे मान्य करायला हवं.

दुसरी गोष्ट एपीके फाइलची, म्हणजे फोनमध्ये नवं सॉफ्टवेअर बसवणाऱ्या फाइलची. लग्नसराईत व्हॉट्सअॅपवर पत्रिका येते, ओळखीच्या माणसाच्याच नंबरावरून येते, कारण त्याचा फोन आधी फसलेला असतो. उघडायला गेलं की फोन विचारतो, हे अॅप बसवू का, याला मेसेज वाचू देऊ का. पत्रिका बघायच्या घाईत माणूस हो हो म्हणत जातो. त्या क्षणापासून प्रत्येक ओटीपीची प्रत परस्पर चोराकडे. वाहतुकीच्या दंडाच्या नावाने, पीएम किसानच्या नावाने, बँकेच्या केवायसीच्या नावाने हेच चालतं. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ असते. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके दिसलं की हात लावू नका, सख्ख्या भावाने पाठवली असली तरी आधी त्याला फोन करा.

मेसेजऐवजी फोन करून कोड सांगतात तो जास्त सुरक्षित नाही का?

उलट कच्चा आहे. लॉक असलेल्या फोनवरही आलेला कॉल कोणीही उचलू शकतो. आणि कॉल दुसरीकडे वळवता येतो. कुरिअरवाला म्हणून कोणी फोन करतो, ‘पार्सल अडकलंय, हा कोड डायल करा’ म्हणतो, आणि चांदणी-आकडे-नंबर असं काही दाबायला लावतो. तो कॉल वळवण्याचाच कोड असतो. हे इतकं वाढलं की १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने होणारं कॉल फॉरवर्डिंग बंद करायला दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं. तरी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन आपले कॉल कुठे वळलेले नाहीत ना, हे एकदा बघून घ्या.

व्हॉट्सअॅपवर ओटीपी आला तर?

व्हॉट्सअॅपही त्याच नंबरावर उभं आहे. नंबर गेला की तेही नव्या फोनवर चालू करता येतं. त्यातलं सहा आकडी टू-स्टेप पिन लावून ठेवा, म्हणजे मधे एक दार तरी राहील.

नवं खातं उघडतानाच नंबर मागतात. तो माझ्या सुरक्षेसाठीच असतो ना?

बहुतांशी त्यांच्या सोयीसाठी असतो. एकाच माणसाने किंवा यंत्राने हजारो खाती उघडू नयेत म्हणून ती चाळणी आहे. तीही फार दाट नाही, कारण एका वेळेपुरते नंबर भाड्याने देणारे धंदे त्यावरच चालतात. तुमच्या खात्यात पुढे कोण शिरतं याच्याशी त्या पहिल्या तपासणीचा संबंध थोडाच.

इथे एक गोंधळ कायम होतो. एकच नंबर तीन वेगवेगळ्या कामांना लागलेला असू शकतो. खातं उघडताना झालेली तपासणी, रोज लॉगिन करताना येणारा टू-स्टेपचा कोड आणि पासवर्ड विसरल्यावर कामी येणारा रिकव्हरी नंबर. लोक टू-स्टेपमधून नंबर काढतात आणि निश्चिंत होतात. रिकव्हरीत तो तसाच बसलेला असतो.

रिकव्हरी नंबर एवढा का खटकतो तुम्हाला?

कारण टू-स्टेपमध्ये चोराला निदान दोन गोष्टी लागतात, पासवर्ड आणि कोड. ज्या सेवा रिकव्हरीत नुसत्या मेसेजवर नवा पासवर्ड ठरवू देतात, तिथे दोनाची एकच गोष्ट होते. पुढच्या दाराला दोन कुलपं आणि मागच्या दाराला नुसती कडी, असा प्रकार. एसईसीच्या खात्याचं जे झालं ते याच दाराने झालं.

माझा सल्ला असा. रिकव्हरीसाठी नंबराऐवजी दुसरा मेल ठेवा. तो अशा ठिकाणचा हवा की जो स्वतः याच नंबरावर उघडत नाही. नवरा-बायकोने एकमेकांचे मेल ठेवले तरी चालतात, पण मग दोन्ही खाती सारखीच पक्की करा. आणि मुलांचा कॉलेजचा किंवा ऑफिसचा मेल ठेवू नका, नोकरी बदलली की तो जातो.

नंबर आज काढला म्हणून आजच निर्धास्त होऊ नका. रिकव्हरीची माहिती बदलल्यावरही सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरावर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. खरा मालक परत येऊ शकावा म्हणून ही सोय आहे. पण याचा अर्थ, जुनं सिम टाकायचं असेल तर आधी नंबर काढा आणि सिम त्यानंतर पंधरवडाभर तरी जिवंत ठेवा.

मग नंबराऐवजी वापरायचं काय?

सगळ्यात आधी पासकी. फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती तुमच्या बोटाने, चेहऱ्याने किंवा पडद्याच्या पिनने उघडते. ती खऱ्या वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही, तुम्ही फसलात तरी ती फसत नाही. म्हणूनच मला ती सगळ्यांत पसंत आहे. आमच्याकडे ७८ वर्षांच्या एका आजींनी ती दहा मिनिटांत लावून घेतली. पासवर्ड आठवायचा नाही, मेसेजची वाट बघायची नाही, फक्त अंगठा टेकवायचा. हे आधीच का नव्हतं, असं त्यांनी विचारलं. गूगलने मे २०२३ पासून ती सगळ्यांना दिली आहे.

ज्यांच्या मेलवर धंदा चालतो, सराफ्यातले व्यापारी, सीए, डॉक्टर, त्यांनी सिक्युरिटी की घ्यावी. पेनड्राइव्हसारखी दिसते. दोन घ्याव्यात, एक जवळ आणि एक तिजोरीत. गूगलने आपल्या ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांना २०१७च्या सुरुवातीपासून अशा की सक्तीच्या केल्या, आणि त्यानंतर एकाचंही कामाचं खातं फसवणुकीने गेलं नाही, असं २०१८ मध्ये कंपनीने सांगितलं.

हे दोन्ही जमत नसेल तर ऑथेंटिकेटर अॅप. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो, कुठून येत नाही. त्याला सिम लागत नाही, रेंज लागत नाही, अमेरिकेतही चालतो. खोट्या पानापुढे तो एसएमएसइतकाच हतबल आहे, पण सिम स्वॅप, फिरवलेला नंबर आणि एसएस७ या तिन्हींतून सुटका होते. फोन बदलताना मात्र आधी अॅपमधले कोड नव्या फोनवर न्या, मगच जुना फोन कोणाला द्या. जेल रोडवर जुना फोन एक्स्चेंजला देऊन घरी आल्यावर अॅप आठवलेले दोघं-तिघं माझ्याकडे येऊन गेले आहेत.

फोनवर ‘तुम्हीच लॉगिन करताय का?’ असं विचारणारा गूगलचा प्रश्न येतो, तोही एसएमएसपेक्षा बरा. फक्त आपण लॉगिन करत नसताना आला तर ‘नाही’ दाबा. रात्री दहादा आला तरी कंटाळून ‘हो’ दाबू नका, चोर त्याचीच वाट बघत असतो.

यांतलं काहीही लावलं तरी एसएमएसचा पर्याय तसाच चालू राहिला असेल तर चोर तोच निवडेल. ‘दुसरा मार्ग वापरा’ हे बटण त्यालाही दिसतं. म्हणून नवी पद्धत लावा, बॅकअप कोड छापा, एकदा बाहेर पडून परत आत येऊन बघा, आणि मगच नंबर काढा. क्रम हाच.

बॅकअप कोड कागदावर? कागद तर कोणीही वाचेल.

झारखंडात किंवा परदेशात बसलेला चोर तुमच्या गोदरेजच्या कपाटातला कागद वाचू शकत नाही. घरात ज्यांच्यावर विश्वास नाही अशी माणसं वावरत असतील तर गोष्ट वेगळी, मग लॉकरमध्ये ठेवा. त्याचा फोटो काढून गॅलरीत ठेवू नका.

आई, बाबा, आजी, सगळ्यांचे मेल माझ्याच नंबरावर आहेत. सोयीचं पडतं.

सोयीचं पडतं हे मी नाकारत नाही, आमच्याकडेही तसंच होतं. पण तुमचं एक सिम गेलं की चार माणसांची खाती एकाच दिवशी उघडी पडतात. आणि तुम्ही मीटिंगमध्ये असलात की आजोबा मेलच्या बाहेर ताटकळतात. प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर पासकी लावा आणि बॅकअप कोडची एक प्रत तुमच्याकडे ठेवा.

जाता जाता, आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतो. शनिवारी आम्ही हे पाहतो तेव्हा एखाद्याच्या नावावर तरी न घेतलेलं सिम निघतंच.

रेंज गेली, मेल उघडत नाही, घात झालाय असं वाटतंय. आधी काय करू?

दुसऱ्या कोणाच्या फोनवरून मोबाइल कंपनीला फोन करा आणि सिम बंद करायला सांगा. तक्रारीचा नंबर लिहून घ्या. मग बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच सांगा, पहिल्या तासा-दोन तासांत सांगितलं तर रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, कारण पुढे बँक आणि कंपनी दोघंही तिची प्रत मागतात.

मेल परत मिळवायचा प्रयत्न नेहमीच्याच लॅपटॉपवरून, घरच्याच वायफायवरून करा. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा दिसली की गूगल लवकर विश्वास ठेवतं. सायबर कॅफेत किंवा मित्राच्या फोनवर दहा वेळा धडपड केली तर संशय वाढतो.

आत शिरलात की पासवर्ड बदला, बाकी सगळी यंत्रं लॉगआउट करा, रिकव्हरीचा मेल आणि नंबर तुमचेच आहेत का बघा, अनोळखी पासकी असली तर काढा. मग मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. सरांचं खातं आठवड्याने परत मिळालं तेव्हा तिथे एक फिल्टर सापडलं. ‘बँक’ हा शब्द असलेला प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर पाठवायचा आणि इकडून पुसून टाकायचा. पासवर्ड बदलून ते गेलं नसतं. ते आम्ही काढलं, आणि मगच सरांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून लिहायला घेतलं की मधल्या दिवसांत पैसे मागणारा मेल आला असेल तर तो माझा नव्हता.